झऱ्याजवळचा दगड

"माझ्या बहिणीनं खून केलेला नाही," खुर्चीवर बसायच्या आधीच तो माणूस म्हणाला. "दगडाचं मात्र मी छातीठोक सांगू शकत नाही."

तपासबाईंनी सुई थांबवली. त्या नवऱ्याच्या शर्टाला बटण लावत होत्या आणि शर्ट नवऱ्याच्या अंगातच होता.

"हलू नका हो," म्हणत त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि पाहुण्याकडे वळल्या. "कुठला दगड?"

जमिनीच्या कचेरीत उभा जन्म लोकांच्या जबान्या लिहून घेण्यात गेल्यावर बाई खासगी तपास करू लागल्या होत्या. मूळ नाव मागे पडून 'तपासबाई' हेच नाव रूढ झाले होते. त्यांचे यजमान दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद केल्यापासून ते बाईंच्या बरोबर हिंडत, प्रत्येक प्रकरणात ठाम मत देत आणि बहुतेक वेळा तोंडघशी पडत.

पाहुणा ठेकेदार होता. डोंगरउतारावर दगडी बांध घालणे हा त्याचा धंदा. हात रुंद, नखांत दगडाची भुकटी.

"माझी मोठी बहीण," तो सांगू लागला. "लग्नात वडिलांनी तिला उतारावरची अंजिराची बाग दिली. खालची जमीन तिच्या नवऱ्याची. तिथं त्याची रोपवाटिका आहे. दोन्हींच्या मधोमध झरा. नवऱ्यानं न विचारता सगळं पाणी रोपांकडे वळवलं, हिची झाडं वाळायला लागली. ही घर सोडून बागेतल्या खोलीत राहायला गेली. हिवाळ्यापासून दोघं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत."

"कोर्टात गेले?"

"आमच्याकडे जमिनीला कोर्ट नाही लागत. रीत आहे. बापानं मुलीला दिलेली जमीन तिचीच, आणि हद्दीचे दगड हे तिचे साक्षीदार. आज दुपारी पंच झऱ्याचा निवाडा करणार होते. वडिलांनी झऱ्याबद्दल काय शब्द दिला होता, ते ऐकलेला एकच माणूस उरला होता. ज्यांनी दगड बसवले ते जुने मोजणीदारकाका." त्याने नखातली भुकटी कोरली. "आज सकाळी काका बागेत मरून पडलेले सापडले. डोक्यात पहार घातलेली. पहार ताईची. आणि हद्दीचा दगड उपटून झऱ्याच्या खाली नेऊन बसवलेला."

"म्हणजे झरा तुमच्या बहिणीच्या हद्दीत आला," डॉक्टर म्हणाले.

"हो ना. आणि रीत अशी आहे की दगड हलवणाऱ्याचा जमिनीवरचा हक्कच संपतो."

"आमच्याकडे यायचं तुम्हाला सुचलं?" बाईंनी विचारले.

"ताईला. तिनं कुठंतरी तुमचं नाव ऐकलं होतं. चारचौघांत हट्टच धरला, मग आलो."

ठेकेदाराच्या जीपमध्ये डॉक्टरांना मागे बसावे लागले. पायाशी कॅनव्हासची जड पिशवी होती.

"अहो, यात काय भरलंय? पाय ठेवायला जागा नाही," ते कुरकुरले.

"दगडाच्या चिपा आहेत, बांधाच्या फटीत मारायच्या. सरकवा तिकडे."

डॉक्टरांनी पिशवी सरकवली, तेव्हा एक काळी टोकदार चीप त्यांच्या चपलेत शिरली. पुढची सगळी वाट ते पाय चोळत बसले.

*

उतारावरचा खडक पांढराफटक होता. उन्हात डोळे दिपत. अंजिराच्या रांगा संपत तिथे एक खड्डा आ वासून पडला होता. त्याच्या कडेला चादरीखाली म्हातारा मोजणीदार, आणि जवळच पहार. खाली बऱ्याच अंतरावर झरा, आणि झऱ्याच्याही पलीकडे तो दगड उभा होता. माणसाच्या कमरेएवढा.

फौजदार सावलीत उभा होता. त्याला या प्रकरणात फार शोधण्यासारखे काही दिसत नव्हते.

"बाई दगड हलवत होती. म्हातारा अचानक आला, तिनं घाबरून पहार घातली आणि पळाली. पळाली म्हणून तर जुना खड्डा बुजवायचा राहिला."

"अगदी माझ्या मनातलं बोललात," डॉक्टर म्हणाले.

"आधी चादर बाजूला करा," बाई म्हणाल्या.

डॉक्टर गुडघ्यांवर बसले. "घाव समोरून, कपाळावर. काल संध्याकाळचा असावा." मग ते थबकले. "अगं, यांचे बूट बघ."

बूट पायांत नव्हते. खड्ड्याशेजारी ते जोडीने नीट ठेवले होते आणि मोजे घडी करून आत खोचले होते.

बाई उतरून खाली गेल्या. नव्या जागेवरच्या दगडाच्या बुंध्याशी काळ्या चिपा ठोकून बसवल्या होत्या. शेजारीच उकरलेल्या मातीचा ढीग तसाच पडला होता. दगडाच्या एका बाजूला खसखशीएवढे तांबूस ठिपके होते.

"शेवाळ," फौजदार म्हणाला. "इथल्या सगळ्या दगडांवर येतं."

डॉक्टरांनी दगडाला दोन्ही हातांनी धक्का दिला. दगड जागचा हलला नाही. "वा! पक्कं भरलेल्या दाढेसारखा बसलाय. माझ्या हातालाही असं काम जमलं नसतं."

"तुमचं भिंग खिशात आहे ना?" बाईंनी विचारले. "त्या शेवाळाकडे जरा निवांत बघा. मी वर जाऊन येते."

*

बागवालीची खोली एकाच खिडकीची होती. खाट, शेगडी, अंजिरे वाळवायच्या जाळ्या. बाहेर शिपाई उभा होता. ती भिंतीला टेकून बसली होती. रडून डोळे सुजले होते.

"तुम्ही दगड हलवला?"

"नाही."

"पहार?"

"अवजारांच्या कोठीतली, माझीच. कोठीला कुलूप असतं. मी इथं राहायला आले तेव्हा भावानं बसवून दिलं."

"किल्ली?"

"कोठीच्या दाराशी गंजकी झारी आहे, तिच्यात टाकते."

"हे कोणाला ठाऊक आहे?"

"कोणाला असणार? मी एकटी राहते." तिची नजर खिडकीकडे गेली आणि परत आली.

"तुमचे यजमान इथं येतात?"

"नाही." उत्तर फार लवकर आले.

"तुमच्या भावाला तुमच्याबद्दल सगळं माहीत असतं का?"

"त्याच्यापासून मी काही लपवत नाही, अगदी लहानपणापासून. वडील गेल्यावर तोच तर आहे मला." तिने पदराने डोळे टिपले. "तो म्हणतो, दगडाचं तेवढं कबूल कर. बागेवर पाणी सोड, मग पंचांचं मन वळवता येईल, खुनाचं तो बघेल. बाई, मी काय करू? जे केलं नाही ते कबूल करू?"

"काल संध्याकाळी भाऊ कुठं होता?"

"डोंगराच्या पलीकडे बांध घालतोय. तिथंच असणार."

बाई दाराशी थांबल्या. "तुम्हाला कोणाचा संशय येतो?"

बागवालीने मान खाली घातली. ती रडत नव्हती, पण तिने दोन्ही हात एकमेकांत इतके घट्ट धरले होते की बोटे पांढरी पडली होती.

*

नवरा रोपवाटिकेत कलमे बांधत होता. पट्टी सारखी सुटत होती. बारीक अंगाचा, मितभाषी माणूस.

"काल संध्याकाळी कुठं होता?" फौजदाराने विचारले.

"इथंच."

"एकटेच?"

"रोपं होती," तो म्हणाला. त्याने विनोद केला नव्हता.

"तुमची बायको अशी आहे का, दगड हलवणारी?" बाईंनी विचारले.

"तिचं नाव यात घेऊ नका." पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "झारीत हात घालून किल्ली कोणीही काढू शकतं. तिच्याच माथी कशाला मारता?"

फौजदाराने कान टवकारले. "झारी? तुम्ही तर हिवाळ्यापासून वर पाऊलही टाकलेलं नाही. कुलूप त्यानंतरचं."

नवऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला. तो पुन्हा पट्टी गुंडाळू लागला.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी टाळी वाजवली. "सापडला! दगड बायकोच्या फायद्याचा हलवायचा, आळ तिच्यावर, हक्क तिचा जाणार, जमीन याला. काय डोकं चालवलंय!"

"भिंगातून काय दिसलं?"

"हो, ते राहिलंच. शेवाळ नाही ते. रक्ताचे शिंतोडे आहेत. हात पुसल्यासारखा डाग नाही, उडालेले थेंब." ते थांबले. "मग? दगडाजवळ खून झाला म्हटल्यावर रक्त उडणारच."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "दगडाजवळ झाला म्हटल्यावर उडणारच."

पंचांच्या प्रमुखांना सगळे थोरले म्हणत. सभागृहात बाके लावून घेत असताना बाईंनी त्यांना गाठले.

"हक्क संपला तर बाग जाते कुठं?"

"जिथून आली तिथं," थोरले बाक सरकवत म्हणाले. "त्यात काय विचारायचं?"

"ऐकलंस?" डॉक्टर कुजबुजले. "नवऱ्याकडे."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले फक्त. मग फौजदाराला बाजूला घेऊन त्या दोन वाक्ये बोलल्या. फौजदाराने कपाळाला आठ्या घातल्या, पण शिपायाला घेऊन बाहेर गेला.

*

सभागृह भरले होते. समोर पाच पंच, एका बाजूला बागवाली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवलेला भाऊ, दुसऱ्या बाजूला नवरा. खिडक्यांतही डोकी होती.

"सरळ विचारतो," थोरले म्हणाले. "दगड कोणी हलवला?"

भाऊ बहिणीच्या कानाशी वाकला. ती उठली.

"मी," ती म्हणाली. "मी हलवला."

"खोटं बोलतेय ती!" नवरा ताडकन उभा राहिला. "मी हलवला. काकांनाही मीच... जे काय झालं ते माझ्या हातून. तिला घरी जाऊ द्या."

सभागृहात एकच गलका उठला. बागवाली नवऱ्याकडे पाहत राहिली. थोरल्यांनी टेबल बडवले तेव्हा कुठे आवाज खाली आला.

"मी बोलू का?" तपासबाई मागच्या बाकावरून उठल्या. "दोघंही खोटं बोलतायत. आणि दोघांनाही वाटतंय की आपण दुसऱ्याला वाचवतोय."

त्या पुढे येऊन उभ्या राहिल्या.

"आधी बूट. कोणी दगड चोरून हलवत असताना मोजणीदारकाका तिथं पोचले असते, तर त्यांनी आरडाओरडा केला असता. बूट काढून, मोजे घडी करून ते बसले नसते. काका निवांत बसले होते, ओळखीच्या माणसाशी बोलत. घाव समोरून आला. म्हणजे तेव्हा दगड जागेवरच होता."

"हा अंदाज झाला," एक पंच म्हणाला.

"पुरावा दगडावर आहे. त्याच्यावर रक्ताचे थेंब उडालेत. प्रेत पडलंय वर, जुन्या खड्ड्यापाशी. दगड आता आहे झऱ्याच्या पलीकडे. इतक्या लांब रक्त उडत नाही. घाव बसला तेव्हा दगड काकांच्या शेजारी होता. आधी खून झाला आणि मग दगड खाली गेला."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला.

"आता पुढचं. खुनानंतर कोणी घाबरून पळालं का? नाही. त्यानं दगड खाली लोटला, खड्डा खणला, दगड उभा केला, चिपा ठोकून पक्का केला. त्याच्या हातात वेळच वेळ होता. मग जुना खड्डा उघडा का? नव्या खड्ड्याची माती शेजारीच पडली होती. ज्याला हद्द चोरायची असेल तो आधी जुनी खूण मिटवेल. ज्याला चोरी दिसायला हवी असेल तोच ती उघडी ठेवील. दगड या ताईंना पाणी मिळावं म्हणून हलवलेला नाही. त्यांचा हक्क जावा म्हणून हलवलाय."

सगळ्यांच्या माना नवऱ्याकडे वळल्या. ठेकेदार दात-ओठ खात म्हणाला, "तरी मला वाटतच होतं!"

"थांबा," बाई म्हणाल्या. "थोरले, हक्क गेला तर बाग जिथून आली तिथं जाते म्हणालात. म्हणजे कुठं?"

"म्हणजे तिच्या माहेरी," थोरले म्हणाले. "नवऱ्याचा काय संबंध? बाग तिच्या बापानं दिलेली." आणि बोलता बोलता त्यांचा आवाज मंदावला.

ठेकेदाराचा हात बहिणीच्या खांद्यावरून निघाला.

"हे यजमान किल्लीची जागा ओळखतात," बाई पुढे म्हणाल्या, "म्हणून यांच्यावर संशय आला. पण किल्लीची जागा ज्याला माहीत, तो वर येत-जात असणार. ताई, तुमचं भांडण मिटलं होतं ना?"

बागवालीने होकाराची मान हलवली. "आठवड्यापूर्वी. हे स्वतः पाइप घेऊन वर आले. निम्मं पाणी तुझं, म्हणाले. माझ्या खोलीत बसून जेवले." ती पंचांकडे वळली. "आज पंचांपुढं सांगणार होतो. काका मेले आणि मला वाटलं, यांच्या हातून काहीतरी... काल संध्याकाळी हे येणार होते."

"मी आलोच नाही," नवरा म्हणाला. "कलमं आटपेनात. सकाळी वर गेलो आणि ते सगळं दिसलं. मला वाटलं, तू..." त्याने वाक्य तिथेच सोडले.

"भांडण मिटल्याचं कोणाला सांगितलं होतंत?" बाईंनी विचारले.

"काकांना. आणि..." बागवाली सावकाश भावाकडे वळली.

"आणि ज्याच्यापासून काही लपवत नाही त्याला. पण हा माणूस आज सकाळी मला सांगतो, दोघं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. का? तर समेट झाला की बाग या दोघांच्या संसारात राहणार, माहेरी कधीच परत येणार नाही. समेट लपला तरच आळ टिकणार. दगडाचं कबूल कर, असा धोशा यानंच लावला. कारण खून नवऱ्यावर गेला काय, कोणावर गेला काय, याला दगड बहिणीच्या नावावर हवा होता. कुलूपही यानंच बसवलेलं, तेव्हा किल्ली कुठं असते हे याला ठाऊक."

"बोलायला काय जातंय!" ठेकेदार उसळला. "मी पलीकडच्या कामावर होतो. दगड काय, कोणीही लोटेल!"

"लोटेल कोणीही. बसवला कोणी ते विचारा. उतारावरचा सगळा खडक पांढरा आहे. दगडाच्या बुंध्याशी ठोकलेल्या चिपा काळ्या आहेत. तशीच एक चीप आमच्या डॉक्टरांच्या पायात रुतली, तुमच्या जीपमध्ये. आळ घालायला दगड डळमळता असला तरी चाललं असतं. पण धंद्याचा हात आहे, वाकडातिकडा दगड तुम्हाला सोडवेना."

दारात फौजदार येऊन उभा राहिला होता. त्याच्या हातात कॅनव्हासची पिशवी होती.

"जीपमधली," तो म्हणाला. "बुंध्याच्या चिपा याच आहेत, एकाच घणाच्या. आणि पलीकडच्या कामावरच्या मजुरांना यानं काल दुपारीच घरी पाठवलं होतं."

ठेकेदार खाली बसला. एवढा आडवा माणूस, पण बाकावर अगदी आक्रसून गेला.

"काकांना मारायचं नव्हतं," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "दगड हलवायलाच गेलो होतो. ते आधीच येऊन बसले होते. हसत होते. म्हणाले, उद्या मला काही बोलावंच लागणार नाही, पोरांनी मिटवलं, तुझ्या बापाला बरं वाटलं असतं." त्याने डोळे मिटले. "बापाचं नाव काढलं. बापानं हिला झाडं दिली, पाणी दिलं, सावली दिली. मला घण दिला."

बागवाली त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मागितली असतीस तर निम्मी दिली नसती का मी?"

त्याने वर पाहिले. "बहिणीकडे मागायची?" तो म्हणाला.

फौजदाराने त्याच्या दंडाला धरले. तो मुकाट्याने चालू लागला. दारातून बाहेर पडताना त्याने मागे वळून पाहिले नाही, आणि त्याची बहीण तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिली.

थोरल्यांनी घसा खाकरला. झऱ्याचा निवाडा आता करायला नको, नवरा-बायकोंनी केलाच आहे, असे ते म्हणाले. दगड मूळ जागी पंच स्वतः बसवतील. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"एक राहिलं. मोजणीदारांची मुलगी संध्याकाळच्या गाडीनं येतेय. बाप गेला एवढंच तिला कळवलंय. कसा गेला ते कोणीतरी सांगावं लागेल."

बाकांवरची माणसे एकमेकांकडे पाहू लागली.

"मी जाते," बागवाली म्हणाली. "माझ्या भावानं केलंय. दुसऱ्या कोणाच्या तोंडून तिनं ऐकायला नको."

"एकटी?" डॉक्टरांच्या तोंडून निघून गेले.

ती दाराकडे निघाली. नवरा उठला, बाकाखालच्या चपला शोधून पायांत घातल्या आणि तिच्या मागोमाग बाहेर पडला. पायरीवर ती क्षणभर थांबली. मग स्टेशनच्या रस्त्याला दोघे बरोबरीने चालू लागले.